युद्धाची खोटी नोंद

युद्धकाळात काही गुप्तता पाळावी लागते, हे कोणीही मान्य करील. परंतु शत्रूपासून बेत लपविणे निराळे आणि स्वतःच्याच जनतेला फसविणे निराळे. हा भेद समजून घेण्यासाठी आम्हांला कंबोडियाचा इतिहास उद्बोधक वाटतो.

व्हिएतनाम युद्धात कंबोडिया तटस्थ होता. तथापि त्याच्या सीमाभागात उत्तर व्हिएतनामी सैन्याचे तळ होते. १८ मार्च १९६९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या आदेशावरून बी-५२ विमानांनी तेथे बॉम्बवर्षाव आरंभिला. मोहिमेचे सांकेतिक नाव होते 'मेन्यू' आणि तिच्या भागांना नावे दिली होती ती न्याहारी, दुपारचे जेवण अशी! चौदा महिन्यांत विमानांच्या साडेतीन हजारांहून अधिक फेऱ्या झाल्या. एक लाख टनांहून अधिक बॉम्ब पडले.

हे लपले कसे? कागदोपत्री लक्ष्य दक्षिण व्हिएतनाममधील दाखविले जाई. तेथील बिएन होआच्या रडार केंद्रावर मेजर हॅल नाइट हे अधिकारी होते. खऱ्या लक्ष्याचे कागद हल्ल्यानंतर जाळायचे आणि खोट्या लक्ष्याचा अहवाल पाठवायचा, असा त्यांना हुकूम होता.

९ मे १९६९ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही बातमी छापली. तेव्हा ती कोणी फोडली हे शोधण्यासाठी अधिकाऱ्यांचे व पत्रकारांचे दूरध्वनी चोरून ऐकले जाऊ लागले. पुढे ३० एप्रिल १९७० रोजी निक्सन यांनी राष्ट्राला सांगितले, की तटस्थ देशाच्या भूमीचा मान राखून गेली पाच वर्षे अमेरिकेने त्या तळांना हात लावलेला नाही.

ज्यांच्यावर बॉम्ब कोसळत होते, त्यांना सत्य ठाऊकच होते. अंधारात होते ते कर भरणारे नागरिक, रणांगणावर पुत्र धाडणारे आईबाप आणि बहुतेक लोकप्रतिनिधी.

१९७३ च्या आरंभी, सेना सोडलेल्या नाइट यांनी सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांना पत्र लिहिले आणि जुलैमध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. सत्य उघड झाले. शासन मात्र झाले नाही. या लपवाछपवीबद्दल निक्सन यांच्यावर महाभियोगाचे कलम लावण्याचा प्रस्ताव १९७४ साली प्रतिनिधिगृहाच्या समितीने २६ विरुद्ध १२ मतांनी फेटाळला.

राज्यकर्त्यांचे असत्य त्यांच्या एकट्याच्या बळावर तगत नाही. नोंदी लिहिणारे, कागद जाळणारे अनेक हात त्याला लागतात. त्यांतल्याच एका हाताने अखेर सत्य लिहिले. म्हणून युद्धाची वार्ता ऐकताना, विजयाचे आकडे मोजण्यापूर्वी, आपण एवढे तरी विचारावे: ही गोष्ट नेमकी कोणापासून लपविली जात आहे?