ख्रिस्तवासी : एका पत्त्याची कुळकथा

वाकडमध्ये कोणी गेलं की दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो. फोटो, फोटोभोवती झेंडूची छापील माळ, खाली शोकाकुल मंडळींची यादी. नावाआधीचं अक्षर पाहिलं की माणूस कुठल्या घरातला ते कळतं. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. ‘वै. ह.भ.प.’ म्हणजे वैकुंठवासी वारकरी. देहू-आळंदी इतकी जवळ, तेव्हा हे फ्लेक्स पुष्कळ. ‘कालकथित’ म्हणजे बौद्ध, ‘पैगंबरवासी’ म्हणजे मुसलमान. आणि कोपऱ्यात काळा क्रूस असला की नावाच्या डोक्यावर पूर्ण शब्द येतो : ख्रिस्तवासी.

भूमकर चौकात संध्याकाळी हिंजवडीची ऑफिसं सुटली की असले फ्लेक्स अक्षरन् अक्षर वाचण्याइतका वेळ सक्तीने मिळतो. तिथेच हा शब्द मला खटकला. कैलास हा डोंगर. वैकुंठ हा लोक. पुणेवासी, मुंबईवासी, वाकडवासी, सगळीकडे ‘वासी’च्या आधी जागेचं नाव. ज्या ‘वस्’ धातूवरून वासी आला त्याच्यावरूनच वस्ती आली, म्हणजे आपली वाकडची कस्पटे वस्तीसुद्धा याच कुळातली. पण ख्रिस्त हे गाव नव्हे, डोंगर नव्हे, लोकही नव्हे. मग त्याच्यात राहायला कोणी कसं जाईल? माणसाचा पत्ता कधी झाला?

आधी या ‘-वासी’च्या साच्याचं पाहू. मराठेशाहीच्या कागदांत ‘कैलासवासी स्वामी’ म्हणजे गेलेले छत्रपती. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्य शिवरायांचा उल्लेख असाच करतात. ही रीत आली कुठून? माझा पहिला संशय दिल्लीवर. मोगल दरबारात बादशहा वारला की त्याचं नाव घ्यायचं नाही, नवा पत्ता सांगायचा. बाबर झाला फिर्दौस मकानी, हुमायून जन्नत आशियानी, अकबर अर्श आशियानी, जहांगीर जन्नत मकानी. मकानी म्हणजे मुक्काम केलेला, आशियानी म्हणजे घरटं बांधलेला. ‘जन्नत मकानी’चं शब्दाला शब्द संस्कृत करा : स्वर्गवासी. रघुनाथपंडित शिवरायांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द घडवत होते, तो हाच काळ. एखाद्या चिटणीसाला हे सुचायला कितीसा वेळ लागणार?

सिद्धांत देखणा आहे, पण त्याला कंबोडिया आडवा येतो. अंगकोर वाट बांधणारा दुसरा सूर्यवर्मा बाराव्या शतकात वारला आणि शिलालेखांत ‘परमविष्णुलोक’ या नावाने उरला. त्याच्याही दोनशेहून अधिक वर्षं आधीचा यशोवर्मा झाला ‘परमशिवलोक’. गेलेल्या राजाला देवाच्या लोकात घर देण्याची चाल भारतीय संस्कृतीने समुद्रापार नेली तेव्हा मोगलांचा मागमूस नव्हता. तरी दिल्लीचा दावा मी पुरता सोडत नाही. कल्पना आपली, पण पत्र लिहिताना दर वेळी न चुकता ती नावाआधी लावायची, ही शिस्त फारसी दफ्तराची, असं माझं मत आहे.

बाबराच्या ‘फिर्दौस’वर मात्र थांबायला हवं. हा शब्द जुन्या इराणी भाषेतला. अवेस्तात त्याचं रूप ‘पइरिदएझ’ असं आहे, अर्थ भोवती भिंत घातलेलं आवार. इराणी राजांच्या बागांमुळे तो ग्रीकांकडे गेला, ‘पारादेइसोस’ झाला, आणि जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात एदेन बागेसाठी वापरला गेला. वाकडकरांना तो समजावून सांगायला नको. भोवती भिंत, फाटकावर वॉचमन, आत हिरवळ आणि कारंजं : यालाच आपण गेटेड सोसायटी म्हणतो. बिल्डर तिला ‘पॅराडाइज’ नाव देतो तेव्हा बिचारा अजाणता अस्सल व्युत्पत्ती बोलत असतो.

हाच शब्द लूकच्या शुभवर्तमानात वधस्तंभावर येतो. शेजारी खिळलेला गुन्हेगार येशूला म्हणतो, माझी आठवण ठेव. उत्तरात येशू त्याला आजच्या आज या बागेत नेण्याचं वचन देतो. मराठी बायबलमध्ये तिथे ‘सुखलोक’ आहे. पण मूळ ग्रीक वाक्यात ‘माझ्यासोबत’ आधी येतं आणि बाग नंतर. मरणाऱ्याला सोबत आधी मिळते, जागा मागाहून. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

आता गोव्याकडे. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि मराठीत बुडून गेला. १६१६ साली त्याचं ख्रिस्तपुराण छापून झालं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. क्रूस, बाप्तिस्मा अशा गोष्टींसाठी त्याने परके शब्द ठेवले. स्वर्गासाठीही पोर्तुगीज शब्द आणता आला असता. त्याने ‘स्वर्ग’ वापरला, आणि त्याच्या जोडीने ‘वैकुंठ’ वापरला, बिनदिक्कत. विष्णूचं घर उचलून त्याने येशूच्या बापाला दिलं. इन्क्विझिशनच्या गोव्यात हे चाललं कसं, याचं मला कायम नवल वाटतं. वरचे अधिकारी ओव्या वाचत नसावेत, हा माझा खुलासा.

स्टीफन्सची ही निवड नुसती गोड म्हणून नव्हती, ती बिनचूक होती. आपल्या ‘स्वर्गा’ला एक गळती आहे. गीता सांगते की पुण्य सरलं की स्वर्गातून परत खाली यावं लागतं. म्हणजे स्वर्ग हा भाडेकरार, पुण्याचं डिपॉझिट संपलं की खोली रिकामी करायची. वारकऱ्यांनी तर स्वर्गाला फारशी किंमतच दिली नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे ऐकलेल्या माणसाला ‘तू स्वर्गात जाशील’ म्हटलं तर तो मनात विचारणार, किती दिवस? वैकुंठाला ती अडचण नाही, तिथून परतीची गाडी नाही. स्टीफन्सला हा फरक कळला होता, असं मी ठामपणे म्हणतो. दोन शतकांनी आलेल्या प्रोटेस्टंट भाषांतरकारांनी, सेरामपूरच्या कॅरीने आणि १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनने, वैकुंठ विष्णूला परत करून टाकलं आणि ‘स्वर्ग’ पत्करला. गळतीसकट.

जाता जाता एक जुळणी. तुकोबा देहूहून वैकुंठाला गेले ते शके १५७१च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला. इसवी सन कोणी १६४९ धरतात, कोणी १६५०. ख्रिस्तपुराणाची दुसरी आवृत्ती निघाली ती १६४९मध्ये. यातून काही सिद्ध होत नाही, पण इंद्रायणीकाठी आणि गोव्यात एकाच सुमारास लोक मराठी ओठांनी वैकुंठाचा धावा करत होते, एवढं तरी दिसतं. पुढे टिपू सुलतानाने १७८४ साली मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना धरून श्रीरंगपट्टणला नेलं, तेव्हा बंदिवासात त्यांना याच पुराणाच्या पठणाने धीर दिला, अशी त्यांच्यात परंपरा आहे. पायात बेडी आणि तोंडी वैकुंठ.

तर ‘वैकुंठ’ गेलं, ‘स्वर्ग’ गळका. ‘स्वर्गवासी’ हा तयार शब्द मराठीत होताच, सगळ्या जातीजमातींत चालणारा, कोणाच्या देवाला न दुखावणारा. तो सोडून मराठी ख्रिस्ती माणसाने व्याकरणाला न पटणारा ‘ख्रिस्तवासी’ का घडवला? उत्तर मला नव्या करारातल्या पौलाच्या पत्रांत सापडलं. अधिक नेमकं सांगायचं तर त्या पत्रांच्या मराठीत. पौल पानापानावर ‘ख्रिस्तात’ असं लिहितो. माणूस ख्रिस्तात जगतो, ख्रिस्तात मरतो, ख्रिस्तात उठतो. ग्रीकमध्ये हे एका इवल्याशा शब्दाचं काम आहे. मराठी बायबलात त्याच्यासाठी ठिकठिकाणी येतं ‘ख्रिस्ताच्या ठायी’. आता ‘ठायी’ म्हणजे काय? ठाय, ठाव, ठिकाण, ठावठिकाणा. संस्कृत स्थानाच्या घराण्यातला, सप्तमीत उभा असलेला अस्सल मराठी शब्द. मूळ ग्रीकमध्ये जागा नव्हती, ती मराठीने दिली. ‘ख्रिस्ताच्या ठायी’ म्हणताक्षणी ख्रिस्त हे ठिकाण होतं. ठिकाण झालं की तिथे वास करता येतो. ‘वासी’चा साचा शेजारच्या घरात तयारच होता, त्यात हा ठाय ओतला गेला. आणि आपल्या संतांची भाषा ‘ठायी’ने भरलेली असल्यामुळे ऐकणाऱ्याला त्यात परकं काहीच वाटलं नाही.

याला तीन आक्षेप येऊ शकतात. पहिला : हा शब्द वर्तमानपत्रांच्या उपसंपादकांनी ‘पैगंबरवासी’च्या धर्तीवर पाडला. मला हे पटत नाही. मुसलमान घरांत माणूस ‘अल्लाहला प्यारा’ होतो, त्याचा ‘इंतकाल’ होतो. पैगंबरांच्या ठिकाणी वास करणं ही कल्पना इस्लामच्या शिकवणुकीत बसत नाही. तो शब्द शेजाऱ्यांनी आदरापोटी दिलेला दिसतो. ‘ख्रिस्तवासी’ मात्र घरचेच लोक कबरीच्या दगडावर कोरून घेतात. माझा अंदाज उलटा आहे : ‘ख्रिस्तवासी’ आधी, त्याच्यावर बेतलेला ‘पैगंबरवासी’ नंतर. दुसरा आक्षेप : मूळ शब्द ‘ख्रिस्तराज्यवासी’ असा काहीतरी असेल, मधलं राज्य गळालं. असं गळताना मागे काही खूण राहते, इथे ती नाही. तिसरा आक्षेप जड आहे. आपल्याकडे ‘लिंगैक्य’ आहे, म्हणजे गेलेला माणूस थेट देवात मिळतो ही कल्पना लिंगायतांमुळे मराठीत आधीपासून आहे. ‘ख्रिस्तवासी’ तिचाच नातेवाईक का नको? कारण ऐक्यात राहणारा उरत नाही. वासात उरतो. ख्रिस्ती माणसाला मेल्यावर आपली आई ओळखू यावी अशी आशा असते, ती ऐक्यात मावत नाही.

नारायण वामन टिळकांचं नाव इथे यायलाच हवं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी म्हणत असे की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या पुलावरून त्यांनी माउली पलीकडे नेली, अभंग नेला, कीर्तन नेलं. म्हणून आजही मराठी चर्चमध्ये प्रेताजवळ पेटी, तबला आणि झांजांवर जी पदं गातात त्यांत स्वर्ग सोन्याच्या रस्त्यांपेक्षा माहेरासारखा जास्त असतो. माहेरी बाई वाड्यासाठी जात नाही, आईसाठी जाते. वधस्तंभावरच्या वचनासारखंच, सोबत आधी आणि जागा मागाहून : हेच ‘ख्रिस्तवासी’चं व्याकरण.

हा शब्द बोलणाऱ्यांचाही थोडा विचार करू. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागोमाग टेल्को, बजाज आणि एमआयडीसी आली आणि नगर-मराठवाड्याकडची मराठी ख्रिस्ती कुटुंबं इथे कामाला लागली. त्यांतल्या अनेकांचे आजे-पणजे १८९६ आणि १८९९च्या दुष्काळांतून वाचलेले, गावाने वेशीबाहेर ठेवलेले. वाकड १९९७ साली महापालिकेत आलं, शेतांचे टॉवर झाले आणि मंडळी इथेही पोचली. ‘माती किती वाजता आहे?’ असं विचारत नातेवाईक जमतात. कबरीवर प्रत्येक जण मूठभर माती टाकतो. पाळकसाहेब थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय वाचतात. त्याच्या शेवटी पौल एकमेकांना धीर द्यायला सांगतो. बायका म्हणतात, प्रभूनं घरी बोलावलं. चाकणच्या कंत्राटी कामावरून रात्रपाळी करून थेट आलेला मुलगा मागे उभा असतो, त्याला दुपारी पुन्हा कामावर जायचं असतं.

ही सगळी अफूची गोळी आहे, असं म्हणणारे आहेत. वरच्या घराची लालूच दाखवून खालचं घर हिसकावलं जातं, हा आरोप जगात अनेक ठिकाणी खराही ठरला आहे. नगर जिल्ह्यापुरतं मी तो मानत नाही. ‘ख्रिस्तवासी’ होण्याची आशा धरणाऱ्या याच लोकांनी इथे शाळा चालवल्या, मुली शिकवल्या, पोरींना नर्स केलं. पौलानेही फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं ते कैदेतून, आणि तिथे तो ख्रिस्ताकडे जाण्याची ओढ कबूल करूनही तुमच्यासाठी इथे राहणं जास्त गरजेचं आहे असं ठरवतो. ज्याचा पुढचा पत्ता पक्का आहे त्याला आजच्या पाळीला जायला बळ येतं.

म्हणून माझा निकाल असा : ‘ख्रिस्तवासी’चा साचा कैलासवासीचा, आशय पौलाचा, आणि दोन्ही जोडणारा सांधा ‘ठायी’. हा निकाल मोडायचा किंवा पक्का करायचा तर जुने पुरावे लागतील. अहमदनगरहून १८४२ साली सुरू झालेला ‘ज्ञानोदय’ आणि १९०३ साली निघालेला ‘निरोप्या’ या ख्रिस्ती नियतकालिकांचे जुने अंक कोणाच्या माळ्यावर असतील तर निधनाच्या बातम्यांची पानं आधी उघडा. नगर, जालना, केडगाव, वसई इथल्या दफनभूमींत ज्यांची माणसं आहेत त्यांनी दोन नोव्हेंबरला मेणबत्ती लावायला जाल तेव्हा आजूबाजूचे जुने दगडही पुसून वाचावेत. ‘ख्रिस्तवासी’ आणि त्याखाली १९००च्या आधीचं साल दिसलं, तर फोटो काढून ठेवा आणि मला कळवा.