लीथचे मऊ पाठीचे कासव

(निल्सोनिया लीथाय). भारतीय द्वीपकल्पातील नद्यांत आढळणारे गोड्या पाण्यातील मृदुकवची कासव. सोलापूर जिल्ह्यातून वाहणारी भीमा कृष्णेला मिळते. या भीमा-कृष्णा नदीप्रणालीबरोबरच गोदावरी खोऱ्यातही त्याचा आढळ आहे. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ मध्ये पुण्याकडील नमुन्यावरून त्याचे वर्णन केले आणि मुंबईतील डॉक्टर अँड्र्यू लीथ यांचे नाव त्याला दिले.

पाठ चामड्यासारख्या मऊ त्वचेची व चपटी, तर नाक लहान सोंडेसारखे असते. पिलांच्या पाठीवर डोळ्यांसारखे ठळक ठिपके दिसतात. मासे, खेकडे व शिंपले हे त्याचे अन्न.

आनुवंशिकी : ही जाती पूर्वी ॲस्पिडेरेटिस प्रजातीत गणली जाई. तंतुकणिकेतील डीएनएच्या तुलनेवरून २००७ मध्ये दक्षिण आशियातील या गटाचा समावेश निल्सोनिया प्रजातीत करण्याचे सुचविले गेले. धरणे व बंधारे यांमुळे नदीचे तुकडे पडतात, कासवांची ये-जा थांबते आणि लहान गटांत आंतरप्रजनन होऊन आनुवंशिक विविधता घटू शकते. दुसरीकडे, वेगवेगळ्या खोऱ्यांतील गट आनुवंशिकदृष्ट्या भिन्न असू शकतात; म्हणून पकडलेली कासवे मूळ खोरे न तपासता दुसऱ्या नदीत सोडणे घातक ठरू शकते.

संरक्षण : मांसासाठी शिकार, वाळूउपसा व प्रदूषण हे मुख्य धोके. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत ही जाती अतिसंकटग्रस्त आहे. २०२२ च्या पनामा परिषदेत तिला वन्यजीव व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्‌स कराराच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले. भीमेचे वाळूकाठ राखले, तरच तेथे घातलेली या कासवाची अंडी सुरक्षित राहतील.