मॅटिझ मोटारीची हकीकत

‘देवू’ या कोरियन शब्दाचा अर्थ ‘विशाल विश्व’ असा होतो. हें भव्य नांव धारण करणारा दक्षिण कोरियांतील उद्योगसमूह लयास गेला. परंतु त्याची साडेतीन मीटर लांबीची एक लहानशी मोटार त्याच्यामागें कित्येक वर्षें धांवत राहिली. तिचें नांव मॅटिझ.

मोटार ही केवळ श्रीमंतांची चैन राहूं नये, या हेतूनें कोरियन सरकारनें ८०० घनसेंटिमीटरांच्या आंतील एंजिनाच्या गाड्यांचा निराळा वर्ग केला व त्यांस करांत आणि टोलांत सवलती दिल्या. या वर्गांतील पहिली गाडी ‘टिको’ देवूनें १९९१ सालीं बाजारांत आणिली. ती जपानच्या सुझुकी आल्टोवर बेतलेली होती. म्हणजे आपल्याकडील मारुति ८०० हिचीच ती भाऊबंद.

पुढें देवूस स्वतंत्र रूपाची गाडी हवी झाली. इटलीचे विख्यात रेखाकार जुजारो यांच्या इटालडिझाइन संस्थेनें १९९३ सालीं ‘लुच्चोला’, म्हणजे काजवा, या नांवाचा नमुना मांडला होता. फियाट कंपनीनें तो नाकारला. देवूनें तो उचलला. त्यांतूनच १९९८ सालीं तीन सिलिंडरांची, ७९६ घनसेंटिमीटरांची, पांच दारांची मॅटिझ जन्मास आली.

तो काळ मोठा कठीण होता. १९९७ च्या अखेरीस कोरियावर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढें हात पसरण्याची पाळी आली होती. हात आंखडून खर्च करणाऱ्या कुटुंबांना ही गाडी सोयीची वाटली व तिचा खप वाढला. मात्र तिच्या मालकांस काटकसर साधली नाहीं. कर्जाच्या डोंगराखालीं देवू समूह १९९९ सालीं कोसळला. संस्थापक किम वू-चूंग देश सोडून गेले. २००२ सालीं मोटारींचा धंदा अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या ताब्यांत गेला.

गाडी मात्र थांबली नाहीं. दिल्लीजवळील सूरजपूर येथें ती तयार झालीच होती. उझबेकिस्तानांतील असाका येथें तर ती २०१८ पर्यंत बनत राहिली. तिची पुढील पिढी ‘शेव्हरोले स्पार्क’ या नांवानें २००८ पासून पुणें जिल्ह्यांतील तळेगांव येथें बनूं लागली. खुद्द कोरियांत स्पार्कचें उत्पादन २०२२ सालीं बंद झालें.

कर्जावर रचलेला डोलारा पडला. सामान्य माणसाच्या गरजेवर उभी असलेली वस्तु मात्र टिकली. उद्योगाचें खरें भांडवल कोणतें, हें या हकीकतीवरून सहज ध्यानांत येईल.