४९ शहरे, एक फिरता विक्रेता आणि ६१ अंकी संख्या

१/ एका विक्रेत्याला ४९ शहरांत जायचे आहे. प्रत्येक शहरात एकदाच, आणि शेवटी पुन्हा मूळ गावी. सर्वांत कमी अंतराचा मार्ग कोणता? प्रश्न शाळकरी वाटतो. पण विसाव्या शतकातील गणिताला त्याने चांगलेच झुंजवले. (थ्रेड)

२/ अडचण संख्येची आहे. १० शहरांसाठी १,८१,४४० मार्ग संभवतात. ४९ शहरांसाठी हीच संख्या ६१ अंकी होते. एकेक मार्ग तपासणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्याबाहेरचे आहे.

३/ व्हिएन्नाचे गणितज्ञ कार्ल मेंगर यांनी १९३० मध्ये हा प्रश्न मांडला. ‘प्रत्येक वेळी जवळच्या ठिकाणी जा’ या सोप्या नियमाने सर्वांत छोटा मार्ग मिळतोच असे नाही, हेही त्यांनी नोंदवले.

४/ या इतिहासात बंगालचा तागही आहे. १९४० मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यापुढे तागाखालील क्षेत्राच्या नमुना पाहणीतील प्रवासखर्चाचा प्रश्न होता. त्यांचे अनुमान असे : त्याच प्रदेशात नमुन्याची ठिकाणे चौपट केली, तरी प्रवास साधारण दुप्पटच होतो.

५/ खरी कलाटणी १९५४ ची. अमेरिकेतील रँड संस्थेत डँटझिग, फुल्कर्सन आणि जॉन्सन यांनी तत्कालीन ४८ राज्यांतील प्रत्येकी एक शहर आणि वॉशिंग्टन असा नकाशा घेतला. उत्तर : १२,३४५ मैल. तेही हाताने आकडेमोड करून!

६/ चांगला मार्ग सापडणे एक, आणि याहून छोटा मार्ग नाहीच हे सिद्ध करणे वेगळे. त्यांनी आधी नियम सैल केले. त्यामुळे ‘अंतर याहून कमी होणे अशक्य’ अशी खालची मर्यादा मिळाली. सैल नियमांमुळे एका फेरीऐवजी सुटी वर्तुळे निघाली, तर ती बाद करणारी नवी अट घालायची. मात्र एकही खरा मार्ग त्यात कापला जाऊ द्यायचा नाही. अशा अटींनी मर्यादा वर सरकत गेली आणि अखेर हाती असलेल्या मार्गाला येऊन भिडली. सिद्धता पूर्ण!

७/ मग सर्वच नकाशांसाठी जलद रीत का नाही? स्टीफन कुक यांच्या १९७१ मधील कामाच्या आधारे १९७२ मध्ये रिचर्ड कार्प यांनी २१ कठीण प्रश्न एकाच साखळीत गुंफलेले दाखवले. ‘प्रत्येक बिंदू एकदाच घेऊन परत येता येईल का?’ हा त्यांतलाच एक. एकाची जलद रीत सापडली, तर सर्वांची सापडेल.

८/ यानंतर शोधाची दिशा बदलली. १९७६ मध्ये निकोस क्रिस्टोफिडिस यांनी हमी दिली : थेट रस्ता वळशाहून लांब नसेल, तर सर्वोत्तमाच्या दीडपटीहून लांब नसलेला मार्ग झटपट मिळतो. अचूकतेची वाटही थांबली नाही. १९५४ च्याच कल्पना पुढे नेत २००६ मध्ये ८५,९०० बिंदूंचा प्रश्न सुटला.

९/ तरीही साखळी तुटलेली नाही. २००० मध्ये क्ले संस्थेने या मूळ कोड्यावर १० लाख डॉलरचे पारितोषिक ठेवले. अशी जलद रीत अस्तित्वात आहे किंवा नाही, यांपैकी काहीही सिद्ध करणाऱ्यासाठी ते आजही राखून आहे.