घरच्या घरी सर्फबोर्ड : आकार सोपा, लेप अवघड

लाटेवर उभे राहून किनाऱ्याकडे घसरत येण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फळीला सर्फबोर्ड म्हणतात. ही फळी कारखान्यातूनच आली पाहिजे असे नाही; अनेक हौशी सर्फर ती घरच्या पडवीत किंवा गॅरेजमध्ये स्वतः घडवतात. काम दोन टप्प्यांचे असते : फोमच्या ठोकळ्याला आकार देणे आणि त्यावर काचतंतूंचे कापड रेझिनने बसवणे. या दुसऱ्या टप्प्याला ‘ग्लासिंग’ म्हणतात. आकारातील चूक बहुधा सुधारता येते. ग्लासिंगमधील चूक रेझिनबरोबरच कडक होऊन बसते.

पूर्वपीठिका

हवाई बेटांवरील जुन्या फळ्या कोआ, विलीविली अशा लाकडांच्या असत. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात काचतंतू आणि रेझिन यांचा वापर रूढ झाला. होबी आल्टर यांनी कुटुंबाच्या गॅरेजमध्ये फळ्या बनवण्यास आरंभ केला आणि १९५४ मध्ये डाना पॉइंट येथे दुकान थाटले. पुढे गॉर्डन क्लार्क यांच्या साहाय्याने त्यांनी हलका पॉलियुरेथेन फोम प्रचारात आणला. क्लार्क यांचा फोमचा कारखाना ५ डिसेंबर २००५ रोजी अचानक बंद झाला, तेव्हा अमेरिकेतील बहुतेक कारागिरांचा पुरवठाच तुटला. त्यानंतर पॉलिस्टायरीन फोम आणि इपॉक्सी रेझिन या जोडीकडे अधिक लक्ष गेले.

आकार देणे

ठोकळ्याच्या मधोमध बहुधा लाकडाची पातळ पट्टी असते. तिच्यामुळे फळीला बळकटी येते आणि मोजमापाला मध्यरेषा मिळते. प्लायवूडच्या अर्ध्या साच्याने या रेषेच्या दोन्ही बाजूंना बाह्यरेषा आखली, की दोन्ही बाजू सारख्या येतात. करवतीने कापणी झाल्यावर रंध्याने जाडी उतरवतात, मग कडा गोलावतात आणि शेवटी सँडपेपरने पृष्ठभाग सारखा करतात. फोम घासताना घाई नको. काढलेला फोम परत लावता येत नाही. फळीवर तिरपा प्रकाश पाडला, की खळगे आणि उंचवटे सावलीवरून लगेच दिसतात.

ग्लासिंग

रेझिन फोमला साजेसे हवे. पॉलियुरेथेनवर पॉलिएस्टर आणि इपॉक्सी दोन्ही चालतात. पॉलिस्टायरीनवर मात्र इपॉक्सीच वापरावे, कारण पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीन तो फोम विरघळवते.

चौरस मीटरला सुमारे १३५ ग्रॅम वजनाचे कापड खालच्या बाजूला एक थर व वर दोन थर, ही प्रचलित रीत आहे. प्रथम खालची बाजू घेतात. कापड कडेवरून काही सेंटिमीटर लोंबते ठेवून मध्यभागी रेझिन ओततात, रबरी पट्टीने ते बाहेर पसरवतात आणि भिजलेली कड खाली वळवतात. रेझिन जास्त राहिले तर फळी जड होते. कमी पडले तर कापड कोरडे, पांढुरके दिसते. हे सारे रेझिन दाट होण्यापूर्वी, अनेकदा १०-१५ मिनिटांत, आटोपावे लागते. म्हणून कापड आधीच कापून ठेवावे आणि पहिला प्रयोग टाकाऊ फोमच्या तुकड्यावर करावा.

यावर रेझिनचा दुसरा हात देतात. पॉलिएस्टरच्या या हातात थोडे मेण मिसळलेले असते. ते वर येऊन हवेचा संपर्क तोडते आणि चिकटपणा न राहता पृष्ठभाग घासण्याजोगा होतो.

गोव्यासारख्या दमट किनारपट्टीवर हवामानही सांभाळावे लागते. दमट हवेत काही इपॉक्सींवर चिकट थर येतो. सकाळी तापमान चढत असताना काम केले तर फोममधील हवा प्रसरण पावून लेपात बुडबुडे आणते. उतरत्या उन्हाची वेळ बरी. फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्यांना ही सामग्री परिचित असल्याने नवशिक्याला त्यांचे मार्गदर्शन उपयोगी पडते.

धोके

घरगुती कामात सर्वाधिक हेळसांड होते ती येथे. पॉलिएस्टरचा हार्डनर, मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड, डोळ्यात उडाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. आपल्याकडे कोबाल्टयुक्त ॲक्सिलरेटर बरेचदा वेगळा मिळतो. तो आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. आधी ॲक्सिलरेटर रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा आणि मगच हार्डनर घालावा. प्रमाण रेझिनच्या उत्पादकाने सांगितलेलेच ठेवावे.

स्टायरीनच्या वाफेसाठी कापडी किंवा साधा धूळमास्क निरुपयोगी आहे. सेंद्रिय वाफ अडवणारा श्वसनमुखवटा हवा. घासताना उडणाऱ्या धुळीसाठी धूळ गाळणारे फिल्टरही लागते. वारंवार त्वचेला लागलेल्या इपॉक्सीमुळे कायमची ॲलर्जी जडू शकते, म्हणून हातमोजे आवश्यक. भांड्यात उरलेले रेझिन स्वतःच तापते आणि पेटूही शकते. ते पसरट भांड्यात, उघड्यावर कडक होऊ द्यावे. स्वयंपाकघर आणि बंद खोली या कामाच्या जागा नव्हेत.

पहिली फळी बहुधा जड आणि थोडी वाकडी निघते. तरीही ती तरंगते, लाट पकडते आणि पुढच्या फळीत काय सुधारायचे ते नेमके दाखवून देते.