७४६ मतांचं दौंड

२०१९च्या विधानसभेला दौंडमध्ये राहुल कुल यांना १,०३,६६४ मतं पडली आणि रमेश थोरात यांना १,०२,९१८. फरक ७४६. हजार लोकांना विचारून केलेल्या जनमत चाचणीत तीनेक टक्क्यांची चूक धरलेलीच असते. दौंडच्या मतदानावर ती सहा हजार मतं होतात. म्हणजे उत्तम चाचणीनंही ‘चुरशीची लढत’ एवढंच सांगितलं असतं. ते पारावर फुकट मिळतं.

दुसरा मार्ग मॉडेलचा. १९८०च्या दशकात प्रणय रॉय, अशोक लाहिरी आणि डेव्हिड बटलर यांनी तो आपल्याकडे रुळवला. मागच्या निवडणुकीचे आकडे घ्यायचे, मतं किती टक्के झुकतील ते धरायचं आणि विरोधकांच्या एकजुटीचा निर्देशांक काढायचा: विरोधकांच्या एकूण मतांत सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा वाटा किती. एकीकडे काँग्रेस आणि बाकीचे विखुरलेले, अशा काळाला हे गणित छान बसायचं. पण यंदा मतं किती झुकलीत, हे मॉडेलला सांगणार कोण? चाचणीच. म्हणून ‘मॉडेल की चाचणी’ हा वाद मला जरा लुटुपुटीचा वाटतो. चाचणी टक्के देते, मॉडेल त्यांच्या जागा करतं.

खरी अडचण वेगळीच आहे. मी सॉफ्टवेअरवाला, डेटा हाती आला की आधी बघतो, दोन वेळच्या नोंदी कोणत्या रकान्यानं जोडायच्या. पक्षानं? भीमेपलीकडे शिरूर लोकसभेत २०१९ला अमोल कोल्हे घड्याळावर लढले आणि शिवसेनेच्या शिवाजीराव आढळरावांना त्यांनी हरवलं. २०२४ला समोरासमोर तेच दोघे, पण घड्याळ आढळरावांकडे आणि कोल्ह्यांच्या हाती तुतारी. कोल्हे सुमारे १ लाख ४१ हजारांनी जिंकले.

मग माणसानं जोडा, असं म्हणाल. तर सहाच महिन्यांत शिरूर विधानसभेला तुतारीचे विद्यमान आमदार अशोक पवार घड्याळाच्या ज्ञानेश्वर कटके यांच्याकडून ७४ हजारांवर मतांनी पडले. दौंडमध्ये तर थोरात २००९ला अपक्ष म्हणून निवडून आलेले, कुल २०१४ला राष्ट्रीय समाज पक्षाकडून आणि नंतर भाजपकडून. २०२४ला पुन्हा हेच दोघे लढले, कुलांची आघाडी १३ हजारांवर गेली.

ती कोणत्या गावांतून आली, हे बघायला निवडणूक आयोगाचा फॉर्म २० असतो, बूथनिहाय मतांचा. बूथचे क्रमांक मधल्या काळात बदलतात, म्हणून जुळवणी गावाच्या नावानं करावी लागते, तीही हातानं, एकेक ओळ वाचत.