'पंच' : संमती आणि सत्ता

मैदानावर निर्णय देणारा पंच एकटा असला, तरी त्याच्या नावात पाच जण आहेत. 'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण न्यायव्यवहारातली. खेळाने तिचा पंच उसना घेतला. इंग्रजी 'अंपायर'चा प्रवासही असाच. जुन्या फ्रेंचमधील 'नाँपेर' म्हणजे जोडीबाहेरचा. दोन लवादांत मतभेद झाल्यास निर्णय देणारा तिसरा. इंग्रजीत आद्य 'न' उपपदात मिसळून गळाला आणि शब्द पुढे खेळात आला.

मराठेशाहीत पक्षकार पंचांचा निवाडा मानण्याचा 'राजीनामा' आधीच लिहून देत. हे संमतिपत्र होते, त्यागपत्र नव्हे. हरलेला पक्ष येजितखत देई. मैदानात उतरणे हाही असा अलिखित राजीनामाच होय.

पुढे या संज्ञेची फाळणी झाली. पंचनाम्यातील पंचाचा निर्णयाधिकार गेला, तो केवळ साक्षीदार उरला. जातपंचायतीतील पंचांकडे अधिकार राहिला, संमती मात्र गृहीत धरली गेली. २०१६ चा महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा हे त्याचेच उत्तर. खेळाडू मैदान सोडू शकतो. जातीत जन्मलेल्याला बाहेर पडण्याची किंमत मोजावी लागते. जेथे राजीनामा नाकारण्याची मुभा नाही, तेथे 'पंच' ही न्यायाची नव्हे, सत्तेची संज्ञा ठरते.